चौथा क्वार्टर जिन्यात

“वहिनी, चौथा क्वार्टर,” दीर म्हणाला.

एवढंच म्हणायची पद्धत होती. पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. पाणीवहिनींनी रिकामे कप ट्रेमध्ये ठेवले, उठून दारापाशी गेल्या आणि पायात चपला सरकवल्या. पण आज कडीला हात लावून त्या तिथेच थांबल्या आणि वळून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

फिटर सोफ्यावर उशीला टेकून बसले होते. गुडघ्यांवर शाल, शालीवर दोन्ही हात. टीव्हीवरच्या बास्केटबॉल मॅचचा तिसरा क्वार्टर संपता संपता त्यांचा उजवा हात हळूच डाव्या खांद्यावर गेला होता आणि तिथलं काहीतरी चोळून परत आला होता. दिराचं लक्ष नव्हतं. वहिनींचं होतं.

“आज मी इथेच बसते,” त्या म्हणाल्या. “कोपऱ्यात. टीव्हीकडे पाठ करून.”

“अहो वहिनी, काय बोलताय!” दीर जवळजवळ उठलाच. “एका पॉइंटने पुढे आहोत आपण. आज हरलो की सीझन खलास. आणि नेमकं आजच तुम्हाला…”

“मी तुमच्या दादांना विचारतेय.”

फिटरांनी बायकोकडे पाहिलं आणि ते हसले. आजारपणानंतर त्यांचं हसू त्यांना जरा सैलच व्हायला लागलं होतं. “जा गं,” ते म्हणाले. “आजचा दिवस जा. मी गप्प बसतो. शपथ.”

वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मनात म्हणाल्या, यांचं काही खरं नाही.

जिन्यात टेलरमास्तर आधीच येऊन बसले होते. गळ्यात टेप, मांडीवर रेडिओ. त्यांच्या खालच्या पायरीवर दुसऱ्या मजल्यावरची नवी सूनबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला चार-दोन मॅचपूर्वीच बाहेर काढलं होतं. चहा घेऊन आत गेली, तेवढ्यात समोरच्या संघाने लागोपाठ दोन बास्केट केल्या, झालं. सासऱ्यांनी फार गोड आवाजात सांगितलं होतं, “बाळा, जरा बाहेर वारं खाऊन येतेस का?” जिन्यात वारं कुठून येणार? पण ती आली होती.

मास्तरांची गोष्ट तर त्याहून भारी. त्यांच्या दोन मुलांनी सख्ख्या बापालाच पनवती ठरवलं होतं. मास्तर “आता जिंकलो” म्हणाले की संघ हमखास हरायचा, असं मुलांचं म्हणणं. मास्तरांनी तसं म्हणणं सोडून दिलं, तर मुलं म्हणाली, बाबा मनात म्हणतात.

आणि वहिनी? त्या यांच्यातल्या सर्वांत जुन्या. पाणीवहिनी हे नाव त्यांना बिल्डिंगने दिलेलं. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात त्या तक्रारींच्या फोनवर बसत. पाणी आलं नाही, गढूळ आलं, रात्रीचं आलं, शेजाऱ्याला आलं आणि मला नाही, असं काहीही झालं की लोक फोन उचलत आणि पलीकडे जो आवाज येईल त्याची खरडपट्टी काढत. तो आवाज वहिनींचा. पाणी त्यांनी तोडलेलं नसे आणि सोडणंही त्यांच्या हातात नसे. सुरुवातीला त्या घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडत. मग हळूहळू त्यांना कळून चुकलं, की कोरड्या नळापुढे उभ्या असलेल्या माणसाला आधी ओरडायला कुणीतरी हवं असतं, पाण्याचं नंतर. मनासारखं ओरडून झालं की त्याचा श्वास ठिकाणावर येतो आणि मग तो पत्ता नीट सांगतो. त्या म्हणायच्या, “हो, चुकलंच आमचं. बोला.” खात्यातले लोक हसायचे. पण वहिनींकडे गेलेला फोन पुन्हा साहेबाकडे जात नसे.

जिन्यातल्या हद्दपारीची सुरुवात थट्टेतच झाली होती. तेव्हा लग्न नवं होतं. फिटर छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करत आणि सुट्टीच्या दिवशी मॅच असली की घरात त्यांचा नि धाकट्या भावाचा दंगा असे. एकदा वहिनी दारात उभं राहून बघत असताना हातातली मॅच निसटायला लागली आणि दीर म्हणाला, “वहिनी, जरा बाहेर उभ्या राहता का, गंमत म्हणून?” त्या गंमत म्हणून गेल्या आणि संघ जिंकला. पुढच्या वेळी पुन्हा गेल्या, पुन्हा जिंकला. गमतीची सवय झाली आणि सवयीचा कायदा. मधल्या काळात संघ शंभरदा हरला असेल, पण त्याचा ठपका रेफरीवर, कोचवर, कोर्टच्या फरशीवर जायचा. जिंकला की मात्र श्रेय जिन्याचं.

वहिनींना राग आला होता. चांगलाच आला होता. ज्या घराचा केर आपण काढतो त्या घरातून आपल्याला अपशकुन म्हणून बाहेर बसवतात, हे त्यांना खूप लागलं होतं. पहिल्या वर्षी त्या याच पायरीवर बसून रडल्या होत्या. तेव्हा वरच्या मजल्यावरून रेडिओ घेऊन मास्तर खाली आले आणि त्यांनी विचारलं, “तुम्हालाही काढलं?” त्या रडता रडता हसल्या. तेव्हापासून चौथा क्वार्टर जिन्यात.

पुढे घरोघरी टीव्हीला नव्या पेट्या बसल्या. चित्र लख्ख झालं, पण कुठल्या कुठल्या आकाशातून फिरून यायला लागलं आणि त्यामुळे मागे पडायला लागलं. मास्तरांचा जुना रेडिओ मात्र थेट. म्हणजे झालं असं, की जिन्यात चेंडू बास्केटमध्ये पडलेला असे आणि घरात तो अजून खेळाडूच्या हातात असे. एक जिना चढून जावा एवढा फरक. पनवती माणसांना सगळं आधी कळायला लागलं. मास्तरांनी त्याच दिवशी नियम केला होता, “आत कुणाला सांगायचं नाही. आणि इथे आवाज करायचा नाही. त्यांचा आनंद शिळा करायचा नाही.” म्हणून अटीतटीच्या वेळी मास्तर गळ्यातली टेप दातात धरत आणि वहिनी तोंडावर हात ठेवत.

हे गुपित वहिनींना फार आवडायचं. रेडिओवर बास्केट व्हायची आणि त्या आपल्या दाराकडे बघायच्या. आत फिटर अजून जीव मुठीत धरून बसलेले. त्यांना अजून काहीच माहीत नाही. आणि मग तो आवाज यायचा, “घातलाऽऽ!”, दार हादरायचं, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायचं. नवरा आनंदाने ओरडणार आहे हे ज्या बाईला त्याच्या आधी कळतं, तिला अपशकुनी म्हणा नाहीतर काहीही म्हणा, ती मनातून तृप्त असते. वहिनींचा राग कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही.

या थंडीत फिटरांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात बरेच दिवस गेले. सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मॅचबिच बंद. जिवाला धक्का नको.” फिटर म्हणाले, “मग एवढी औषधं कशासाठी देताय?” शेवटी तडजोड झाली. मॅच बघायची, पण ओरडायचं नाही. दिरालाही शपथ घातली. त्या दिवसापासून दाराआडचा आवाज बंद झाला. जिन्यात रेडिओवर बास्केट व्हायची, वहिनी दाराकडे बघायच्या आणि आतून काहीच यायचं नाही. माणूस आनंदात आहे की कळवळतोय की काय, काही कळायला मार्ग नाही. मास्तर धीर द्यायचे, “शांत बसलेत, चांगलंच आहे.” पण वहिनींना ती शांतता खात असे.

“काय झालं? तोंड उतरलंय,” मास्तरांनी आता विचारलं.

“खांदा चोळत होते.”

“थंडी असेल.”

“मास्तर, आता कसली थंडी?”

मास्तरांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

मॅच वाईट चालली होती. एक पॉइंट पुढे, दोन मागे, पुन्हा बरोबरी. ताडमाड उंच कर्णधार, ज्याला सगळं गाव शिडी म्हणायचं, त्याच्या हातून आज चेंडू सुटत होते. समालोचकाचा घसा बसला होता. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा संघ एका पॉइंटने मागे होता आणि चेंडू आपल्याकडे होता. तेवढ्यात कोचने टाइमआउट घेतला.

हा कोच म्हणजे एक नवल होतं. कोर्टच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहायचा. कधी ओरडणं नाही, नाचणं नाही. लोकांनी नावच ठेवलं होतं, पुतळा. फिटर आणि दीर मोसमभर त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

“…आणि प्रशिक्षकांनी कर्णधाराला बाहेर बसवलं आहे!” रेडिओ म्हणाला. “शेवटच्या चेंडूसाठी कर्णधार बाहेर! त्याच्या जागी तो नवा डावखुरा मुलगा!”

“शिडीला काढलं?” सूनबाई कुजबुजली. “वेडाबिडा झालाय का हा?”

मास्तरांनी टेप दातात धरली. आणि मग, उशिराने, दाराआडून दिराचा आवाज आला. शपथ गेली खड्ड्यात. “अरे पुतळ्या! अरे ए दगडा! शिडीला बसवतोस? तुला कोच कुणी केलं रे!”

त्या पाठोपाठ फिटरांचा आवाज. मोठा नव्हता, चिरकलेला होता. “असं कसं… असं कसं काढतो हा…” आणि खोकला. खोकला थांबेना.

वहिनी उठून उभ्या राहिल्या.

“बसा,” मास्तर टेपेआडून म्हणाले. “टाइमआउट संपलाय.”

चेंडू डावखुऱ्याकडे गेला. रेडिओ धावत होता. डावखुरा एकाला चुकवतो, दुसऱ्याला चुकवतो, उडी, चेंडू हवेत, चेंडू बास्केटच्या कड्यावर, कड्यावरून फिरतो, आणि… बाहेर. बाहेर! मॅच संपली.

मास्तरांच्या तोंडातून टेप गळून पडली.

वहिनींना पुढचं स्पष्ट दिसलं. आत अजून चेंडू हवेतही गेला नव्हता. आत अजून आशा होती आणि एवढा एक जिना चढायच्या वेळात ती फिटरांच्या छातीवर कोसळणार होती. पुतळ्यावरचा राग, डावखुऱ्यावरचा राग, सगळा त्या काचेवर आपटून त्यांच्याच अंगावर परत येणार होता. टीव्ही काही “चुकलंच आमचं, बोला” म्हणणार नव्हता. घरात ते म्हणणारं माणूस एकच होतं.

त्यांनी विचार केला असं म्हणता येणार नाही. त्यांनी दार ढकललं, चपलांसकट खोलीत आल्या आणि थेट सोफ्यावर नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या.

“वहिनी!” दीर किंचाळला. “आत्ता? बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा!”

पडद्यावर डावखुरा चेंडू आपटत उभा होता.

“नाही जाणार,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फिटरांकडे तोंड केलं. “मी आलेय. आता हरलो तर माझ्यामुळे. मला बोला. काय बोलायचं ते मला बोला.”

फिटर बघतच राहिले. दार सताड उघडं होतं. आणि त्या उघड्या दारातून सूनबाईचा रडवेला आवाज आत आला. ती बिचारी नवी होती, तिला आवरलं नाही. “हरलो हो मास्तर! कड्यावरून बाहेर गेला हो!”

पडद्यावर डावखुऱ्याने एकाला चुकवलं.

फिटरांनी दाराकडे पाहिलं. मग बायकोकडे. जन्मभर यंत्रं उघडून बघितलेला माणूस तो. कुठलं चाक कुठल्या चाकाला लागलंय, हे समजायला त्याला वेळ लागला नाही. पडद्यावर डावखुऱ्याने उडी मारली, चेंडू कड्यावर गेला, दीर गुडघ्यांवर बसला. फिटर तिकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचा खोकला थांबला होता.

“गेली!” दिराने कपाळावर हात मारून घेतला. “गेली मॅच! वहिनी, काय केलंत हे! एवढी वर्षं पाळलं आणि आज…”

“अरे, ती आत यायच्या आधीच चेंडू बाहेर गेला होता,” फिटर म्हणाले.

“काय बोलतोस दादा? आत्ता माझ्या डोळ्यांसमोर गेला!”

“खाली बस. पाणी पी. तुला नंतर सांगतो.”

दीर बसला नाही. तो येरझाऱ्या घालत पुतळ्याचा उद्धार करत राहिला. टीव्हीवर आता तो पुतळाच आला होता. समोर माईक धरलेले. त्याच्या मागे डावखुरा डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता, आणि कोच असा उभा होता की कॅमेऱ्याला तो मुलगा नीट दिसूच नये. कुणीतरी विचारलं, कर्णधाराला का बसवलंत? शेवटचा चेंडू एवढ्या नवख्या मुलाला का दिलात?

“निर्णय माझा होता,” कोच म्हणाला. “चुकला असेल तर मी चुकलो. मुलांना काही विचारू नका.”

“मोठा शहाणा!” दीर म्हणाला. “नुसतं चुकलो म्हटलं की झालं!”

“सोड रे त्याला,” फिटर म्हणाले.

“तू म्हणतोस सोड? सीझनभर तूच…”

“म्हटलं ना, सोड. दोघांनाही सोड. त्याला आणि हिला.”

दीर भावाकडे पाहत राहिला, मग त्याने बूट शोधले. जाताना दारात थांबून ओशाळल्यासारखा म्हणाला, “वहिनी, तोंडातून गेलं हं. मनावर घेऊ नका.” वहिनी म्हणाल्या, “जेवून जा.” तो नको म्हणाला. जिन्यात त्याचा आणि मास्तरांचा काहीतरी वाद झाल्याचा आवाज आला, पुतळ्यावरूनच. हळूहळू तोही खाली उतरत गेला.

खोलीत दोघंच उरली. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. वहिनींनी चपला काढून सोफ्याखाली सारल्या आणि नवऱ्याचं मनगट हातात घेतलं. ठोके भराभर पडत होते, पण सरळ पडत होते.

“दुखतंय का?”

“नाही.”

“मघाशी खांदा चोळत होतात.”

“उशी टोचत होती,” फिटर म्हणाले. वहिनींना ते खरं वाटलं नाही, पण त्यांनी उशी काढून दुसरी ठेवली.

“किती दिवस चाललंय हे? तुला आधी कळतं ते?”

“नवी पेटी बसवली तेव्हापासून.”

“तेव्हापासून! म्हणजे मी इथे देव पाण्यात घालून बसायचो आणि तुम्हाला तिकडे सगळं माहीत?”

“हो.”

“कप जिंकलो त्या दिवशीपण?”

“त्या दिवशीपण. तुम्ही ओरडायच्या आधी मी दाराला कान लावून उभी होते. म्हटलं, आता ओरडतील.”

“मग यात तुला मजा काय आली? निकाल तर कळलेला.”

“तीच तर मजा होती,” वहिनी म्हणाल्या. “ओरडत होतात तेव्हा बरं होतं हो. आत माणूस आहे हे कळायचं. आता काहीच ऐकू येत नाही.”

फिटरांनी आपल्या शालीचं एक टोक बायकोच्या गुडघ्यांवर ओढलं.

“मी तुला उगाच बाहेर बसवलं,” थोड्या वेळाने ते म्हणाले.

“उगाच कसलं. कप जिंकलात की.”

“पुढच्या सीझनला इथेच बसायचं. हरू दे नाहीतर जिंकू दे.”

“बसेन.”

“मास्तरांनापण बोलावू. त्या पोरीलापण. रेडिओ मात्र बाहेर ठेवायचा.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या. पुढचा सीझन यायला पावसाळा जायला हवा होता, थंडी यायला हवी होती. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

टीव्हीवर शेवटचा शॉट पुन्हा दाखवायला लागले होते, अगदी संथ करून. वहिनींनी रिमोट उचलला.

“बंद करू?”

“राहू दे. तू पाहिला नाहीस.”

“तुम्ही तरी कुठे पाहिलात?”

“मग बघू की.”

डावखुऱ्याने चेंडू घेतला. पहिल्याला चुकवलं. संथ चित्रात त्याचे ओठ घट्ट मिटलेले दिसत होते. तो फारच लहान वाटत होता. दुसऱ्याला चुकवलं. मागे कोच हाताची घडी सोडून एक पाऊल पुढे आला होता. मुलाने उडी मारली, आणि चेंडू त्याच्या डाव्या हातातून सुटून वर, वर जायला लागला.

फिटर पुढे सरकले. शाल खाली घसरली.

“जाईल,” ते पुटपुटले.

वहिनींनी त्यांचा हात घट्ट धरला. “जाईल,” त्याही म्हणाल्या.

चेंडू कड्यावर टेकला आणि कड्याभोवती हळूहळू फिरायला लागला, आणि ती दोघं सोफ्याच्या कडेला येऊन, श्वास धरून, त्याच्याकडे बघत राहिली.